न धुतलेले चार कप

आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी वही-पेन लागत नाही, ओढणी लागते. नवीन आलेल्या बायकांना मी दोघी-दोघींच्या जोड्यांत बसवते आणि एकीचे हात पाठीमागे ओढणीने बांधायला सांगते. मग ताट येतं. भात, कुळथाची पिठी, लोणचं. जिचे हात मोकळे तिने भरवायचं, जिचे बांधलेले तिने जेवायचं. पहिली दोन मिनिटं हसण्यात जातात. नंतर कळायला लागतं की आधीचा घास तोंडात असतानाच दुसरा येतोय, लोणचं हवं असताना भात येतोय. हनुवटीला पिठी लागते आणि समोरची बाई न विचारता आपल्या पदराने ती पुसून टाकते. ताट संपेपर्यंत खोलीत कुणी हसत नसतं.

एकदा एका बाईने हात सोडवून घेत मला विचारलं, "ताई, ह्ये शिकवायला तुमी आमाला एवढ्या लांब बोलावलंत?"

"हो," मी म्हटलं. "आणि उद्या याहून अवघड आहे. उद्या काहीच करायचं नाही."

हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. काहीच न करणं हेच आमच्या कामातलं कसब आहे. दुसऱ्या दिवशी एक बाई हातात जाड मोजे घालून ब्लाउजची बटणं लावत बसते. दुसरी तिच्यासमोर हात मागे बांधून उभी राहते. बटण निसटतं. पुन्हा निसटतं. उभी असलेली बाई घामाघूम होते. तिला एकच वाक्य बोलायची परवानगी असते: "मी काय करू, सांगा." ते बोलून तिने मनात वीसपर्यंत मोजायचं. वीस होण्याआधी जिचा हात पुढे येतो, ती नापास. पहिल्या फेरीत सगळ्याच नापास होतात. चांगल्या घरातल्या, मायाळू बायका आधी नापास होतात.

या कामाची नीट ओळख अजून लोकांना नाही, म्हणून सांगते. अपंग माणसाला आपल्या घरात, आपल्या मर्जीने राहता यावं यासाठी आम्ही गावागावातल्या बायका-पुरुषांना तयार करतो. त्यांना सहायक म्हणतात. सहायक रोज ठरल्या वेळी जातो. तो स्वयंपाक करून देत नाही. त्या माणसाला स्वयंपाक कसा करता येईल, काय कुठे ठेवलं तर हात पोचेल, हे त्याच्याबरोबर शोधतो. सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहितात, मी अपंग लिहिते, आणि गावात आमच्या सहायकांना 'पांगळ्यांच्या बाया' म्हणतात. या तिन्हींपेक्षा मला एका चौथ्या शब्दाचा राग येतो. कुणी हात जोडून म्हणतं, "केवढं पुण्याचं काम करता!" पुण्य कमवायला दुसऱ्याचा संडास आणि दुसऱ्याची चूल कशाला हवी? हक्काचं काम आहे, ते शिकून करावं लागतं आणि ते वाईटही करता येतं. मी वाईट कसं केलं, तेच इथे लिहिणार आहे.

संपादकांनी कामातले अनुभव मागितले तेव्हा मी म्हटलं, मी एकतीस वर्षांची, निवृत्तांच्या पंगतीत मला कशाला बसवता? ते म्हणाले, लिहा तर. तर लिहिते.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला आणि उरलेल्या वेळात संघटनेची पत्रकं लिहायला. आमच्या घरात पलंगाखाली गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो' हे मला 'आई' या शब्दाच्या आधी लिहिता येत होतं असं घरचे चेष्टेने सांगतात. वडिलांनी मला एक शिकवलं: जे पटलं ते एका पानात, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना समजेल असं लिहिता आलं पाहिजे, लिहिता आलं नाही तर ते आपल्याला पटलेलंच नाही. चार वर्षांपूर्वी रत्नागिरीत नोकरीला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी सहायकांसाठी पत्रक काढलं. पिवळा कागद, अकरा नियम. वर जाड अक्षरात: 'ज्याचं आयुष्य, त्याचा निर्णय.'

त्यातला चौथा नियम असा होता: 'ज्या घरी कामाला जाल, तिथे चहापाणी घेऊ नये.'

त्यामागे कारण होतं. सुरुवातीला मी सहायकांबरोबर घरोघर जाई तेव्हा काय दिसे? सहायक आली की ती पाहुणी होई. घरातली सून चहा टाके, लाडू काढे, गप्पा रंगत. ज्याच्यासाठी ती आली तो माणूस कोपऱ्यात भिंतीकडे बघत बसलेला. चार दिवसांनी चहाची परतफेड सुरू होई: सहायक घरच्यांची भाजी चिरून देई, मुलांचा अभ्यास घेई. कोपरा तसाच. मला संताप आला आणि संतापात लिहिलेला नियम मला फार आवडला. तो मी स्वतःही पाळला. आरे-वारेच्या चढावर गाडी लावून डबा खायचा, घरून आणलेलं पाणी प्यायचं, पुढे जायचं. खाली किनाऱ्यावर पर्यटक एकमेकांचे फोटो काढत असायचे आणि मी स्कूटरच्या सीटवर बसून पोळी-भाजी संपवायची. कितीतरी घरांत मी गेले असेन. त्यातल्या एकाही घरच्या कपाचा रंग मला सांगता येणार नाही.

नियम मोडणारा एकच माणूस भेटला. बुरोंडीकडचे एक वृद्ध चाचा. आयुष्यभर बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी. डोळे गेल्यावर मुलगी-जावयाकडे राहायचं नाकारून खोली घेऊन एकटे राहिलेले. नवीन सहायकांना मी त्यांच्याकडे शिकायला नेत असे. कांदा परतताना त्याचा आवाज कधी बदलतो ते ते कानाने ओळखत, आणि मदतीला पुढे आलेला हात अचूक पकडून बाजूला ठेवत. एकदा त्यांनी सगळ्यांना चहा दिला. मी म्हटलं, "चाचा, आमच्यात घेत नाहीत, नियम आहे."

"कुणाचा?"

"आमचाच."

"मग घरी जाऊन पाळा," चाचा म्हणाले. "मी वीस-वीस खलाशांना जेवू घातलं, बाय. माझ्या हातचं नको असेल त्याने माझ्या दारात उभा राहू नये. चल, उठ."

सगळ्या जणींनी मुकाट चहा प्यायला. मी प्यायले नाही. परत येताना गाडीत मी त्यांना बजावलं की हा अपवाद समजा, चाचांचा स्वभाव तसा आहे. स्वभाव! त्या माणसाने मला माझ्या नियमातलं भोक दाखवलं होतं आणि मी ते त्याच्या स्वभावावर ढकललं.

आता सुनंदाताईंबद्दल.

जयगडच्या रस्त्यावरून आत फुटणाऱ्या एका वाडीत त्यांचं घर. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि दोन माड. वय चव्वेचाळीस. जन्मताच मेंदूला इजा झाली म्हणून हातपाय आपल्या मनाने हलत राहतात, मान एका बाजूला झुकते, तोंडातून लाळ गळते. खांद्याला रुमाल टाचलेला असतो, मान वळवून त्यालाच त्या हनुवटी टिपतात. बुद्धी लख्ख. चौथीपर्यंत शाळा, पुढे भावाची पुस्तकं वाचून घरीच. बोलणं मात्र फार सावकाश. एक वाक्य पुरं व्हायला मिनिटभर लागतं, आणि ते ऐकायला समोरच्याने थांबावं लागतं. इथे मी त्यांचं बोलणं सलग लिहिते आहे. वाचणाऱ्याने ते थांबत थांबत वाचावं.

आवस, म्हणजे आई, होती तोवर सगळं आवशीने केलं. ती गेली आणि धाकटा भाऊ दत्ताराम मुंबईहून शिमग्याला आला तो ठरवूनच, की बहिणीला घेऊन जायचं आणि घराला कुलूप लावायचं. सुनंदाताईंनी नाही म्हटलं. गावच्या आशा सेविकेने मला फोन केला, मी गेले. दत्ताराम वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"मॅडम, विस्तवाजवळ पडली तर? विहिरीवर पाय घसरला तर? मी तिकडनं येणार कधी?"

"त्यांना विचारलंत?"

"ती काय, नायच म्हणणार."

"मग उत्तर मिळालं की तुम्हाला."

बराच वेळ घासाघीस होऊन ठरलं: शिमग्यापासून गणपतीपर्यंत मुदत. तोवर सुनंदाताईंनी आपलं आपण राहून दाखवायचं, आम्ही सहायक द्यायची. गणपतीला दत्ताराम येऊन बघेल. नाही जमलं तर त्या मुंबईला जातील. सुनंदाताईंनी मान डोलावली आणि बोट जमिनीकडे केलं. इथेच, असा त्याचा अर्थ होता.

सहायक म्हणून मी मुमताजभाभींना दिलं. खाडीकाठच्या गावातल्या, चाळिशीच्या, नवरा कुवेतला. माझ्या सगळ्या तुकड्यांत ओढणीची परीक्षा दुसऱ्या फेरीत पास झालेल्या त्या एकट्याच. मी कौतुक केलं तेव्हा म्हणाल्या, "आमचा माणूस दोन वर्षांनी एकदा येतो, ताई. गप बसून वाट बघायची प्रॅक्टिस हाय आमाला."

पहिले दोन महिने घराशी झुंजण्यात गेले. गॅसची शेगडी उंच ओट्यावर होती, तिथे सुनंदाताईंचा हात स्थिर राहत नव्हता. वाडीतल्या गवंड्याकडून गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा नवा ओटा करून घेतला, म्हणजे पाटावर बसून, कोपर मांडीवर टेकवून काम करता येईल. टोप सरकू नये म्हणून शेगडीभोवती सुताराने लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली. टोप उचलायचाच नाही, पळीने काढायचं. विहिरीऐवजी पडवीत नळ. पेज जमली, मग भात, मग अंडं उकडणं. प्रत्येक गोष्टीला पहिल्यांदा तास-तास लागे, आणि मुमताजभाभी हात मागे बांधून भिंतीशी उभ्या.

सगळ्यात अवघड निघाला चहा. आमच्या बैठकीत सुनंदाताईंना विचारलं होतं, आधी काय शिकायचं? त्या म्हणाल्या होत्या, चहा. मी म्हटलं, आधी जेवणाचं बघू, चहाचं नंतर. हेसुद्धा लिहून ठेवते, कारण पत्रकावर 'त्याचा निर्णय' असं मीच छापलं होतं.

कोरा चहा, आवारातली गवती चहाची पात घालून. पात तोडून आणणं, साखरेच्या बरणीचं झाकण, उकळतं पाणी, गाळणी, पळी, कप. हात कधी कुठे उडेल त्याचा नेम नाही. दोनदा भाजलं. श्रावणाच्या तोंडावर एके दिवशी मुमताजभाभींच्या नोंदवहीत वाक्य आलं: 'आज चहा पूर्ण स्वतः केला. सांडला नाही. दोन कप.' मी लाल पेनाने शेजारी लिहिलं, 'शाब्बास!'

पुढच्या आठवड्यात भाभींनी मला फोनवर विचारलं, "ताई, ती बाई रोज दोन कप करते. एक माझ्यापुढं सरकवते. घेऊ काय?"

"नियम माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. म्हणूनच इचारते."

"भाभी, आज चहा घ्याल, उद्या त्यांची भाजी चिराल. तुम्ही तिथे पाहुण्या नाही."

मग, "तुमी सांगाल तसं."

त्यानंतर नोंदवहीत रोज एकच ओळ येत राहिली: 'चहा केला. दोन कप. नियमाप्रमाणे मी घेतला नाही.' आणि त्या ओळीसमोर रोज माझी लाल बरोबरची खूण. ती वही माझ्याकडे आहे. पानामागून पान लाल खुणा.

गणपतीच्या दोन दिवस आधी दत्ताराम बायको आणि दोन मुलींसह आला. त्याने काही बोलायच्या आत सुनंदाताई पाटावर बसल्या आणि पेज केली. तो पडवीच्या खांबाला टेकून बघत होता. शेगडी पेटवताना त्यांचा हात एकदा जोरात उडाला, तो पुढे झाला. मुमताजभाभींनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो मागे गेला. पेज झाली, पळीने ताटलीत आली. दत्तारामने ती खाल्ली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "हरलो, मॅडम. राहू दे तिला हितंच. आवशीला पण एवढं जमलं नसतं, तिला शिकवायला."

त्या संध्याकाळी मी खोलीवर येऊन पत्रक लिहायला घेतलं. 'एका घराचा विजय' असं काहीतरी शीर्षक. वडिलांना फोन करून वाचूनही दाखवलं.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि मी शेवटचा कागद भरून घ्यायला वाडीत गेले. आमचा एक नमुना आहे, त्यात त्या व्यक्तीने स्वतः सांगायचं की पुढे कुठे आणि कसं राहायचं. मी पेन उघडून बसले. सुनंदाताई म्हणाल्या, "मी दत्तूबरोबर जाते."

मला वाटलं मी घाईत चुकीचं ऐकलं. मी थांबले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. मी दत्तारामकडे वळले. "काय सांगितलंत त्यांना? कसली भीती घातलीत?"

"आयशप्पत, मॅडम, मी काय नाय बोललो," तो म्हणाला. "मला पण आत्ताच कळतंय."

मी सगळ्यांना पडवीत बसायला सांगितलं आणि सुनंदाताईंना घेऊन मागच्या दारी माडाखाली गेले. विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? मानेने नाही. घर आवडत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न मागे घेतला. मग का?

त्यांनी हनुवटी रुमालाला टिपली आणि बोलायला सुरुवात केली. मी वीसपर्यंत मोजायचंही विसरले.

"भाभी चांगली हाय. पण माझा चहा घेत नाय. एक दिवस नाय, दुसऱ्या दिवशी नाय. रोज करून बघितला. गूळ घालून केला, आलं घालून केला. नाय. मग मी समजले. लाळ गळते माझी. किळस येत असेल. मग मी तिला बोलायची बंद झाले. ती गेल्यावर तिचा कप या माडाच्या आळ्यात ओतायची."

आळ्यातली माती एका जागी गडद झाली होती. तिच्यावर चहाची चोथा झालेली पात वाळून पडली होती.

"दत्तूच्या पोरी," त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या कपातला पितात. उष्टा."

मी पिशवीतून ते पिवळं पत्रक काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चौथा नियम वाचला. मग पहिल्यापासून सगळे वाचले. सगळ्यात वर छापलेलं ते वाक्यही वाचलं असणार. खूप वेळ गेला.

"ह्ये मला कुणी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या.

खरं होतं. अकरा नियम सहायकांना पाठ. ज्यांच्या घरात ते पाळले जातात, त्यांच्यापैकी एकालाही मी ते पत्रक दिलं नव्हतं. कधी सुचलंच नाही. त्यांच्या घरात कोण काय पिणार, हे मी रत्नागिरीत बसून ठरवलं होतं.

मी माफी मागितली. भाभी उद्यापासून चहा घेतील, असं म्हणाले. आता राहाल ना, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द ओठावर अडवून धरायला मला जेवढा जोर लागला, तेवढा आयुष्यात कशालाच लागला नसेल. मी हात मागे बांधले. खरंच बांधले, मनगटाला मनगट धरून. "मी काय करू, सांगा," एवढंच म्हटलं.

त्या म्हणाल्या, "लिही. जाते."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. आडवीतिडवी, अर्ध्या पानभर, स्वतःची.

पडवीत मुमताजभाभींना सगळं कळलं तेव्हा त्या आधी सुनंदाताईंकडे गेल्या, त्यांच्या पायाशी बसल्या आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवून रडल्या. नंतर माझ्याकडे आल्या. "तुमी भायरच्या, ताई. माझ्या नावाच्या बाईने हिंदूच्या घरातला चहा नाकारला तर गावात त्याची काय गोष्ट होते, तुमाला कसं कळणार? मला वाटायचं, ती तसं समजत असेल. मी रोज शरमेने मान खाली घालून उभी राहायची. आणि ती समजायची मला किळस येते. दोघी समोरासमोर, आणि मधी तुमचा कागद."

बोलण्यासारखं माझ्याकडे तेव्हा एक अक्षर नव्हतं, आणि मी पत्रकांवर वाढलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोपाला गेले. सामान बांधून झालं होतं. गाडी नाक्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दत्तारामची बायको मुलींना घेऊन पुढे गेली होती. सुनंदाताई मात्र पाटावर बसल्या होत्या. पात तोडून आणलेली, शेगडी पेटलेली.

दत्ताराम म्हणाला, "गो, आता कशाला? गाडी थांबलीय."

"थांबू दे," मुमताजभाभी म्हणाल्या.

टोपातलं पाणी उकळलं. साखरेच्या बरणीचं झाकण उघडेना तेव्हा दत्तारामचा हात पुढे आला. मी म्हटलं, "हात मागे." त्याने शाळेतल्या पोरासारखे हात मागे घेतले. आम्ही तिघं भिंतीशी ओळीने उभे आणि त्या चहा करत होत्या. चार कप झाले. दोन पांढरे, कडेला निळी रेघ. एक स्टीलचा. एक लाल, कानाचा टवका उडालेला. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

आता एक लिहायचं आहे ते लिहिते. कप तोंडाशी नेताना माझा हात थांबला. क्षणभरच. लाळेचा एक थेंब ओट्यावर पडलेला मी पाहिला होता. तीन वर्षं मी लोकांना समान हक्क शिकवत होते, आणि तीन वर्षांत कुणाच्याही घरी असा कप उचलायची वेळ माझ्यावर आली नव्हती, कारण माझा नियम आडवा होता. तो मला स्वतःपासून वाचवत होता. सुनंदाताई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना दिसलं की नाही, मला कळलं नाही. दिसलं असावं. अशी थांबलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली आहेत.

मी प्यायले. गोड होता, फार गोड, आणि अर्धा बशीत होता. बशीतलाही प्यायले. मुमताजभाभींनी रिकामा कप पुढे करून "आणखी असेल तर द्या" म्हटलं आणि सुनंदाताई हसल्या. त्या हसताना सगळं अंग हसतं, पाटसुद्धा हलतो.

मग त्या उठल्या. भाभींनी सवयीने कप गोळा करायला घेतले. सुनंदाताईंनी मान हलवली.

"राहू दे. आल्यावर धुते."

आणि दत्तारामच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरल्या. थांबायचं म्हणून केलेला चहा नव्हता तो. ठरलं होतं तसं त्या गेल्या.

कप ओट्यावर राहिले. मुमताजभाभींनी त्यांच्यावर एक टोप उपडा घातला. किल्ली त्यांच्याकडे आहे. जाता-येता दार उघडून वारा घालतात. पंधरा दिवसांनी फोन आला, "ताई, मुंग्या लागल्यात. धुऊन ठेवू काय?" मी म्हटलं, नको, ते त्यांचं काम आहे. टोपाभोवती हळदीची रेघ मारा. शिमग्याला येतील असं वाटलं होतं. पालखी घरोघर फिरली, ते घर बंद होतं.

चौथा नियम मी खोडला. त्याच्या जागी नवा लिहायला बसले, खूप दिवस बसले, एका वाक्यात येईना. शेवटी जागा कोरी ठेवून पत्रक छापलं आणि आता ते आधी अपंग माणसाच्या हातात देतो. चौथी ओळ त्याने भरायची. कुणी लिहितं, चहा घ्यावाच लागेल. कुणी लिहितं, चपला बाहेर. एका मुलीने लिहिलं, 'माझ्या आईशी बोलू नये.' वडिलांना पत्रक पाठवलं तर ते म्हणाले, मजकूर अपुरा आहे. बुरोंडीच्या चाचांना ही सगळी हकिगत सांगायला गेले होते. ते या उन्हाळ्यात वारले, हे तिथे गेल्यावर कळलं. खोलीला कुलूप होतं. पायरीवर थोडा वेळ बसले आणि परत आले.

संध्याकाळी खोलीवर मी एकाच माणसाचा चहा करते. रत्नागिरीत चार वर्षं झाली, पण जिथे न कळवता जाऊन बसावं असं घर मी जोडलं नाही. लोकांनी एकटं कसं राहावं हे शिकवणाऱ्या बाईची ही स्थिती आहे. तक्रार नाही करत. पण नोंद व्हायला हवी.

हा मजकूर मी गणपतीच्या आधी देते आहे, त्यामुळे पुढचं मला माहीत नाही. परवा मात्र दत्तारामचा फोन आला. म्हणाला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचतो, घर झाडून ठेवायला सांगा. मग म्हणाला, थांबा, बहिणीला बोलायचंय.

मी थांबले. पलीकडे भांड्यांचा, पोरींचा, टीव्हीचा आवाज. त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता, शब्द जुळवताना होतो तसा. मी मोजलं नाही.

"कप," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने, "हायत?"

"आहेत," मी म्हटलं. "चारही. कुणी हात लावलेला नाही."